पंपाचं व्रत



आमच्या रेवदंड्याच्या वाडीत, सुपारीच्या झाडांमागे, लेकाने दोन वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. मी नकोच म्हणत होते. प्यायचं पाणीसुद्धा गाळून घेणारी माणसं आपण, एवढ्या पाण्याचा आरंभ कशाला? पण सुट्टीत नातवंडं पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात, आणि तिथे आजी हरली.

मग एप्रिलचं वीजबिल आलं, तलाव नव्हता तेव्हाच्या दुपटीहून जास्त. लेक म्हणाला, "आई, तलाव म्हटला की एवढं यायचंच." मी बी.कॉम. "यायचंच" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. वही काढली.

तलाव सहा मीटर लांब, तीन रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे साडेबावीस हजार लिटर. पंप तासाला दहा हजार लिटर पाणी फिरवतो आणि साधारण एक युनिट खातो. तो चालायचा रोज चौदा तास! तेच पाणी सहा वेळा गाळलं जात होतं. महिन्याचे 420 युनिट, तेही बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यातले. सहा तासांत पाणी अडीच वेळा फिरतं आणि आमच्या वापराला तेवढं पुरतं. 240 युनिट वाचले.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात आठव्या व्रतापाशी अडखळले. अनर्थदंड, म्हणजे विनाकारण केलेली हिंसा. आठ तास कारणाशिवाय चालणारा पंप दुसरं काय होता?

आता पंपाला टायमर आहे. त्याची जाळी रोज साफ होते, कारण कचरा अडकला की पंप चालतो पण पाणी कमी फिरतं. वापर नसताना तलावावर आच्छादन असतं. त्याने पाणी कमी उडतं, पालापाचोळा पडत नाही, आणि मला सर्वांत मोलाचं म्हणजे किडे-बेडूक पडून मरत नाहीत. हा पंप बिघडला की कमी-जास्त वेगाचा घेणार आहोत. वेग निम्मा केला की वीज जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. वेळ दुप्पट लागला तरी खर्च चौथा हिस्सा. छतावरच्या सौर पॅनलचंही बोलणं चाललंय. तीन किलोवॅटला केंद्राच्या सूर्यघर योजनेत 78,000 रुपये अनुदान आहे. मग पंप उन्हाच्या वेळीच लावू.

चातुर्मासात तलावात कोणी उतरायचं नाही, हे मी कबूल करून घेतलं. तो रिकामा मात्र ठेवता येत नाही. पावसात जमिनीतलं पाणी वर येऊन रिकामी टाकी खालून उचलू शकतं, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. म्हणून तेव्हाही थोडा वेळ पंप चालतोच. क्लोरीनही पडतंच.

तेव्हा हिंसा संपली असं मी म्हणणार नाही. तिचा हिशोब आता माझ्या वहीत आहे, एवढंच. लेकानेही परवा स्वतःहून विचारलं, "आई, या महिन्यात किती युनिट?"

काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.