वडनेरचा बाजार

शेगांवास गजाननमहाराजांच्या दर्शनाकरितां जाणारीं आमच्याकडील कुटुंबें तेथली कचोरी खातात आणि वऱ्हाडचें खाणें चाखल्याच्या समाधानानें परत फिरतात. कचोरी रुचकर खरी. परंतु ती वाटसरूंची वस्तु. वऱ्हाडच्या घरांत काय शिजतें तें पाहावयाचें असेल, तर मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, पूर्वींच्या ६ क्रमांकाच्या (आतां तो ५३ क्रमांकाचा झाला आहे) राष्ट्रीय महामार्गावरील वडनेर भोलजीसारख्या गांवीं बाजाराच्या दिवशीं उतरावें. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां तसे उतरलों.

पुणेरी गृहिणीला पहिली मौज वाटते ती नांवांची. भाजीवालीनें "सांभार घ्या, बाई" असा आग्रह केला, तेव्हां इडलीबरोबरच्या सांबाराची आठवण होऊन आमच्या घरचे इकडेतिकडे पाहूं लागले. आणि तिनें पुढें केली कोथिंबिरीची जुडी! टोमॅटो म्हणजे भेदरें, चवळीच्या शेंगा म्हणजे बरबटी, शेंगदाणे म्हणजे फल्ली, तांबडा भोपळा म्हणजे गंगाफळ, आणि पिठलें म्हणजे चून.

पण हिंवाळ्यांत या बाजाराचा राजा म्हणजे वांगें. खानदेश येथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळें भरिताचा नादही तिकडलाच. मोठीं, पोपटी, पांढुरक्या रेघांचीं वांगीं वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजतात. त्या धुराची सर शहरांतल्या गॅसला येत नाहीं. सोललेला गर बडगी नांवाच्या लांकडी भांड्यांत मिरच्या-लसणीबरोबर ठेचावयाचा, वर फल्ली, कांद्याची पात आणि अर्थात् सांभार. जोडीला कळण्याची भाकर: ज्वारींत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची, काळसर, खमंग आणि पोटाला आधार देणारी.

ज्वारीच्या ढिगापाशीं मात्र आमची मौज सरली. ढीग लहान होता आणि भाव चढा. विकणाऱ्या म्हातारबाईंना विचारलें, तुमच्याच शेतांतली का? त्या म्हणाल्या, "आता कोण पेरते, बाई? पाखरं अन् रानडुकरं ठेवतेत काई?"

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेंत जाईना, आणि येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी याच बाजूनें नागपुरास पोंचली. तरीही कापसाशेजारीं ज्वारी टिकली, कारण माणसाला भाकर हवी होती आणि बैलाला कडबा. गेल्या तीसचाळीस वर्षांत सोयाबीन आलें. तें घरीं शिजत नाहीं, आणि त्याचा कडबाही होत नाहीं. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. रेशनवर गहूं-तांदूळ मिळूं लागला. कोणा एकाला दोष द्यावा असें यांत कांहीं नाहीं. शेतकऱ्यानें रोख पैशाकडे पाहिलें, एवढेंच. परंतु संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून साजरें केलें, शहरांतील डॉक्टर भाकरी खा म्हणून सांगूं लागले, आमच्या पेठेंत ज्वारीचें पीठ चकचकीत पिशव्यांतून मिळूं लागलें. आणि जिचें हें माहेर, त्या मुलखांतल्या बाजारांत ती पाहुण्यासारखी कोपऱ्यांत बसलेली!

म्हातारबाईंनीं कळण्याचें प्रमाण आपण होऊन सांगितलें. एक किलो ज्वारीस पाव किलो काळे उडीद, आणि मीठ दळतांनाच घालावयाचें, मळतांना नव्हे. पीठ फार बारीक नको. आम्हीं त्यांच्याकडून चार किलो ज्वारी घेतली, उडीद शेजारच्या दुकानांतून. पुण्यास आल्यावर आमचा गिरणीवाला दळणांतलें मीठ पाहून जात्याचे दगड बिघडतील म्हणून कुरकुरला. शेवटीं, सगळ्यांचीं दळणें आटोपल्यावर, रात्रीं आठ वाजतां आमचा डबा त्यानें लावला.