दुसऱ्या बाळाची वाट

जुळ्यांच्या प्रसूतीविषयीची चर्चा बहुधा ‘नॉर्मल की सिझर’ या एकाच प्रश्नाने सुरू होते आणि तेथेच संपतेही. प्रसूतिशास्त्राच्या क्रमात मात्र हा प्रश्न बराच उशिरा येतो, कारण त्याचे उत्तर त्याआधीच्या काही गोष्टींवर अवलंबून असते आणि त्यांतील पहिली गोष्ट तर गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यातच पाहून ठेवावी लागते.

ती गोष्ट म्हणजे दोन्ही बाळांची वार स्वतंत्र आहे की सामाईक, आणि ती दोघे दोन पाणमोटींत वाढत आहेत की एकाच. दोन निराळ्या स्त्रीबीजांपासून झालेल्या जुळ्यांची वार नेहमीच स्वतंत्र असते. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जुळे झाले असेल, तर ते विभाजन केव्हा झाले यावर सारे ठरते. पहिल्या तीन दिवसांत झाल्यास वार आणि पाणमोट दोन्ही स्वतंत्र, चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाल्यास वार एक पण पाणमोटी दोन, आणि त्याहून उशिरा झाल्यास दोन्ही सामाईक, असा हा सर्वसाधारण हिशेब आहे. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत दोन पाणमोटींमधला पडदा वारेला जेथे मिळतो तेथे ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा त्रिकोण दिसला तर वार स्वतंत्र, आणि पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा काटकोनात टेकलेला दिसला तर ती सामाईक समजतात. पुढच्या महिन्यांत ही खूण पुसट होत जाते; म्हणून त्या वेळचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवणे हे कोणत्याही टॉनिकपेक्षा अधिक मोलाचे असते.

पाणमोटही सामाईक असेल तर दोन्ही नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असल्यामुळे बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियन करतात आणि निवडीचा प्रश्नच उरत नाही. वार एक पण पाणमोटी दोन असतील, तर वारेतील रक्तवाहिन्या सामाईक असल्याने एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागण्याचा विकार अशा १० ते १५ टक्के गर्भारपणांत संभवतो, त्यासाठी सोनोग्राफी वारंवार करावी लागते आणि सुमारे छत्तिसाव्या आठवड्यात प्रसूतीचा विचार होतो. या स्थितीतही सारे सुरळीत असेल तर योनिमार्गे प्रसूती वर्ज्य नाही, ही बाब पुष्कळदा सांगितली जात नाही. वार स्वतंत्र असलेल्या जुळ्यांसाठी सदतीस-अडतीस आठवड्यांची मुदत योग्य मानतात.

यानंतर पाहायचे ते पहिले बाळ. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेले हे बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर बहुतेक ठिकाणी सिझेरियनच करतात. पहिले पायांकडून येत असताना दुसऱ्याचे डोके खाली असेल, तर दोघांच्या हनुवट्या एकमेकींत अडकण्याचा प्रकार, क्वचितच पण, घडतो आणि तो भीषण असतो. जुळ्यांच्या सुमारे पाचांपैकी चार प्रसूतींत मात्र पहिल्याचे डोके खालीच असते आणि खरी निवड याच स्त्रियांपुढे असते. दुसऱ्या बाळाची स्थिती आधी पाहून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण पहिले बाळ बाहेर पडताच गर्भाशयात मोकळी झालेली जागा दुसऱ्याला मिळते आणि सकाळच्या सोनोग्राफीत खाली डोके असलेले मूल दुपारी आडवे झालेले आढळू शकते.

या निवडीबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्विन बर्थ स्टडी’ या अभ्यासाचा आहे. त्याआधी, २००० मध्ये, एकट्या पायाळू बाळांविषयीच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने नियोजित सिझेरियनच्या बाजूने कौल दिला होता, आणि तिचा निष्कर्ष जुळ्यांतील दुसऱ्या बाळालाही लागू आहे असे अनेकांनी परस्पर गृहीत धरले होते. कॅनडातील टोरांटो येथून चालवलेल्या ‘ट्विन बर्थ स्टडी’त २५ देशांतील २,८०४ स्त्रियांची, म्हणजे ज्यांच्या पहिल्या बाळाचे डोके खाली होते आणि गर्भारपण बत्तीस ते एकोणचाळीस आठवड्यांच्या दरम्यान होते अशा स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण नियोजित सिझेरियनच्या गटात २.२ टक्के आणि नियोजित योनिमार्गी प्रसूतीच्या गटात १.९ टक्के निघाले, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने दोन्हींत फरक नव्हता, आणि मुले दोन वर्षांची झाल्यावर केलेल्या तपासणीतही तो दिसला नाही.

हे आकडे उद्धृत करताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. पहिली अशी की योनिमार्गी प्रसूतीचा बेत असलेल्या गटातही ४३.८ टक्के स्त्रियांची अखेर सिझेरियन झाली, आणि सुमारे ४ टक्के स्त्रियांच्या बाबतीत पहिले बाळ नॉर्मल व दुसरे सिझेरियनने आले. याचाच अर्थ असा की येथे तुलना होती ती बेतांची, प्रत्यक्ष झालेल्या प्रसूतींची नव्हे. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की त्या प्रसूती जुळ्यांत मुरलेल्या डॉक्टरांच्या हातून, तातडीच्या सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयांत झाल्या होत्या. फ्रान्समध्ये दुसऱ्या बाळाला पायाकडून बाहेर काढण्याचे कसब प्रशिक्षणात टिकवून धरलेले आहे, आणि तेथील १७६ रुग्णालयांतील जवळजवळ सहा हजार जुळ्या गर्भारपणांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योनिमार्गी प्रसूती योजलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांची दोन्ही बाळे त्याच मार्गाने जन्मली. टोरांटोच्या आणि फ्रान्सच्या आकड्यांत एवढे अंतर पडण्याचे एकमेव कारण हाताचे कसब आहे असे म्हणता येणार नाही, पण ते एक मोठे कारण आहे हे मान्य करावेच लागते.

हे कसब नेमके कशात असते ते पहिल्या बाळाच्या जन्मानंतरच्या अर्ध्या तासात दिसते. पहिल्याची नाळ चिमटा लावून कापली जाते, आणि एरवी याच क्षणी प्रत्येक बाळंतिणीला रक्तस्राव रोखण्यासाठी जे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे ते येथे परिचारिकेने हातातच थांबवायचे असते. ते चुकून दिले गेले तर आत असलेल्या बाळावर गर्भाशय आवळले जाते. एक जण पोटावरून दोन्ही हातांनी दुसऱ्या बाळाला उभे धरून ठेवतो, दुसरा सोनोग्राफीचा प्रोब फिरवून डोके कोठे आहे ते पाहतो, आणि हृदयाचे ठोके सतत ऐकले जातात. डोके खाली आले तर मंद सलाइनमधून कळा वाढवून वाट पाहायची. मूल आडवे किंवा पायाळू असेल तर प्रसूतितज्ज्ञ हात आत घालून पाय शोधतो. येथे हाताला लागलेला अवयव पाय आहे की हात हे टाचेवरून ओळखायचे असते, आणि शक्यतो पाणमोट न फोडता पाय खाली ओढत आणून मगच ती फोडायची असते, कारण पाणी आधीच निघून गेले तर गर्भाशय बाळाला घट्ट बिलगते आणि नाळ खाली घसरण्याचे भयही वाढते. पाय धरून बाळ फिरवण्याची ही युक्ती सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने वर्णिली. ती अजूनही पुस्तकातून शिकता येत नाही. कळा सुरू होतानाच एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या मणक्यांजवळ नळीवाटे दिलेली भूल, दिली असेल तर या हाताळणीसाठी आणि वेळ आलीच तर तातडीच्या सिझेरियनसाठीही आयत्या वेळी धावपळ करावी लागत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न म्हणूनच जागेचा होतो. एकच प्रसूतितज्ज्ञ असलेल्या तालुक्याच्या गावातील नर्सिंग होममध्ये, जेथे भूलतज्ज्ञ फोन केल्यावर दुसऱ्या रुग्णालयातून येतो आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी असते, तेथे डॉक्टरांनी जुळ्यांसाठी सिझेरियन सुचवणे यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. ते आपल्या सोयींचे प्रामाणिक मोजमाप असू शकते. त्याच वेळी, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांतील सिझेरियनचे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के होते, आणि एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी पडत नाही हेही तितकेच खरे. जुळ्यांची सिझेरियन जितकी सरसकट होते तितके दुसऱ्या बाळाचे पाय हाताने शोधलेले तरुण डॉक्टर कमी होतात, आणि तसे डॉक्टर नाहीत म्हणून सिझेरियन आणखी सरसकट होते. टेस्ट ट्यूब उपचारांनी राहिलेल्या जुळ्यांना ‘प्रेशस’ म्हणून सिझेरियन ठरवण्याची रीतही याच घसरणीत भर घालते. उपचाराला किती खर्च आला यावरून बाळाचा मार्ग ठरावा याला शास्त्रात कोणताही आधार नाही. मुहूर्ताविषयी तर न बोललेलेच बरे.

आईच्या बाजूने पाहता जुळ्यांमुळे ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकुंचन पावत नाही आणि कोणत्याही मार्गाने प्रसूती झाली तरी रक्तस्रावाची भीती राहते. त्याच सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाच्या आढळल्या असल्याने ही भीती आपल्याकडे दुप्पट मानावी. लघवीवरचा ताबा सुटण्याची त्रासदायक तक्रार ‘ट्विन बर्थ स्टडी’तील स्त्रियांत दोन वर्षांनंतर सिझेरियनच्या गटात सुमारे ८ आणि दुसऱ्या गटात सुमारे १२ टक्के होती, हे योनिमार्गी प्रसूतीच्या पुरस्कर्त्यांनी लपवू नये. उलट बाजूला सिझेरियनचा व्रण पुढच्या गर्भारपणात आपला हिशेब मागतो: त्या वेळी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर बसली, तर आधी एक सिझेरियन झालेल्या स्त्रियांत ती व्रणात रुतून सुटी न होण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्के आणि दोन झालेल्यांत सुमारे ४० टक्के आढळले आहे, आणि अशा वेळी गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी येऊ शकते. हा धोका पुढच्या गर्भारपणाचा असल्यामुळे ज्या कुटुंबाला जुळ्यांनंतर आणखी मूल नको असते त्यांच्यासाठी तो जवळजवळ शून्यावर येतो, आणि ज्या स्त्रीची ही पहिलीच खेप असून पुढचा विचार खुला आहे तिच्याशी तो सातव्या महिन्यातच बोलावा लागतो.