मांजरीची वाट

कापूस घरात आला की आमच्या मारेगावात उंदीर वाढतात. म्हणून मांजर पाळली. ती रात्री दार ओरबाडायची. शेवटी सुताराकडून मागच्या दाराला खाली, दोन्हीकडे झुलणारी झडप बसवून घेतली. ‘जानमाज नापाक करील,’ शेजारच्या खाला म्हणाल्या. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूचे भांडे मांजरीपुढे कलते केले, तेव्हा ती नापाक नसते, असे पैगंबर (स.) यांचे सांगणे त्यांनी कळवले. ही हदीस खालांना ऐकवली.

मांजर कोंडून मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचे सहीह बुखारीत आहे. तिने खायला दिले नाही, आणि बाहेर जाऊन शोधूही दिले नाही. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो. मुक्या जिवाची वाट मोकळी ठेवणे हीही अमानतच.