छंद ऐकण्याचा, पण परवान्यासह

चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत रेडिओला मानाचे स्थान होते. त्या काळी रेडिओलाही परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. पुढे ते बंधन गेले आणि रेडिओ म्हणजे आणला की लावला, अशी आपली समजूत झाली. परळला राहणारा माझा भाचा हीच समजूत मनात धरून म्हणाला, "मामा, लॅमिंग्टन रोडला जाऊ, मला स्कॅनर घ्यायचाय."

साधा रेडिओ एका वेळी एकच केंद्र लावतो. स्कॅनर मात्र आपण भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासत जातो आणि कुणी बोलत असेल तिथे थांबतो. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो कुठपासून कुठपर्यंत ऐकतो, एएम व एफएम दोन्ही पकडतो का, आणि बॅटरीवर चालतो का. विमानांचे बोलणे 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये एएमवर असते, तर हौशी रेडिओवाल्यांचे 144 ते 146 मध्ये बहुधा एफएमवर. भरताना फ्रिक्वेन्सी, प्रकार आणि टप्पा हे तिन्ही बरोबर हवेत. खरखर बंद करणारे स्क्वेल्चचे बटण फार आवळले तर दूरचा क्षीण आवाजही बंद होतो. सतत किरकिरणारा चॅनेल वगळून टाकावा, नाहीतर संच तिथेच अडकून बसतो.

हे सारे मी भाच्याला सांगितले आणि मग म्हणालो, "पण बाबा, आधी कायदा बघ." 1933 च्या कायद्याने बिनतारी संच विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरवले. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यातही परवानगी आणि शिक्षा दोन्ही आहेत. 2025 मध्ये परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा दिल्या. दुकानदार विकून मोकळा होतो. पोलिसांच्या लहरी ऐकणारा संच वस्तीतल्या पोराच्या हाती सापडला, तर 'छंद आहे' हे कोण ऐकून घेणार? नोकरीच्या वयात एक गुन्हा नोंदला गेला की घरादाराची उमेद खचते.

मग छंद सोडायचा का? मुळीच नाही. हॅम रेडिओची सरकारी परीक्षा आहे. वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची अट नाही. थोडी वीज, थोडे रेडिओशास्त्र, थोडे नियम एवढाच अभ्यास. परवाना हाती आला की नुसते ऐकायचे नाही, बोलताही येते. अंतराळ स्थानकातले अंतराळवीर शाळकरी मुलांशी 145.800 मेगाहर्ट्झवर बोलतात, तेही कानावर पडते.

आणि हा नुसता वेळ घालवण्याचा खेळ नव्हे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. हिंदमाता, परळ पाण्यात गेले, मोबाईल मुके झाले. घरचा माणूस कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्याआधी डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद आपल्या हॅम चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानची खबर त्यांनी आपल्या संचावरून बाहेर पोचवली.

भाच्याने तूर्त स्कॅनरचा बेत बाजूला ठेवून परीक्षेचे पुस्तक आणले आहे. वाचकहो, तुमच्या घरात असा कान असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला रागावू नका. आधी परीक्षेचा अर्ज आणून द्या, संच मागाहून घेता येईल.