बेळ्ळंदूरचा बोअर

फौजी क्वार्टरमध्ये नळाला पाणी कमी आलं की एमईएसच्या रजिस्टरात तक्रार लिहायची आणि आपल्या कामाला लागायचं. सिव्हिलमधल्या घरमालकाला ती सोय नाही. बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये हे जवळून पाहिलं. ताई आणि दाजी बेळ्ळंदूरला स्वतःच्या दुमजली घरात राहतात. २००७ साली बंगळूर महापालिकेत आलेल्या ११० गावांतलं हे एक. घराचं सगळं पाणी अंगणातल्या बोअरचं.

मार्च २०२४. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला धारच नव्हती. प्लंबर येऊन बघून गेला आणि म्हणाला, प्रेशर पंप बसवा. दाजी फोनवर ऑर्डर द्यायच्या बेतात होते.

"दाजी, एक दिवस थांबा. आधी रेकी करू."

"करा मेजर, करा. पण आंघोळ खालीच करा," दाजी म्हणाले. (मी कर्नल होऊन बरेच दिवस झालेत. दाजींच्या लेखी मी मेजरच.)

अशा कामात जवळून दूर जायचं. एकच नळ कमी वाहत असेल तर दोष त्या नळात. बोअरच्या पाण्याचे क्षार जाळीत साचतात. रात्रभर लिंबाच्या पाण्यात टाकली की सुटते. ते केलं. वरचे सगळे नळ कमी वाहत असतील तर टाकीखालचा व्हॉल्व्ह बघायचा, अर्धवट अडकलेला असतो. तो पूर्ण उघडा होता. मग ताईला विचारलं, कमी कधी येतं?

"सकाळी बरं असतं रे. संध्याकाळी नुसतं ठिबकतं."

खरा धागा इथे मिळाला. चोंदलेला पाइप घड्याळ बघत नाही. सकाळी चोंदलेला तो संध्याकाळीही तितकाच चोंदलेला असतो.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. ताईच्या टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम चार फूट वर, आणि टाकी स्वतः चार फूट उंच. म्हणजे भरलेली असताना आठ फुटांचा दाब, तळाला पोचली की चारचा. निम्मा. खालच्या मजल्यावर हा फरक जाणवत नाही, कारण तिथे मुळातच दहा-अकरा फूट जास्त मिळतात. मी गच्चीवर जाऊन झाकण उघडलं. मोटर सकाळी ठरलेला एक तास चालली होती, तरी टाकी अर्धीच. संध्याकाळपर्यंत ती तळाला जाणारच.

मग बादली आणि घड्याळ. टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली वीस लिटरची बादली धरली. मोटर सुरू केल्यावर ती वीस सेकंदांत भरली. बारा मिनिटांनी सत्तर सेकंद लागले. त्यानंतर पाणी फुरफुरत, हवा घेऊन यायला लागलं. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला तर करंटही उतरलेला. मोटर बंद करून दोन तास थांबलो. पुन्हा पहिली बादली वीस सेकंदांत. कॉलम पाइप फुटला असता किंवा पंप झिजला असता तर पहिली बादलीही रेंगाळली असती. पंप ठणठणीत होता. खाली पाणीच बारा मिनिटांपुरतं जमत होतं.

बंगळूरच्या पोटात ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण खडक आहे. पाणी राहतं ते फक्त भेगांत. आणि भेग कंपाउंडची भिंत ओळखत नाही. शेजाऱ्याचा बोअर बहुधा त्याच भेगेतून पितो. त्या महिन्यात शहरातले हजारो बोअर कोरडे पडले होते. उपमुख्यमंत्री शिवकुमारांनी आपल्या घरचा बोअरही आटल्याचं सांगितलं होतं. प्रेशर पंपाने शॉवर जोरात आला असता आणि टाकी दुपारीच संपली असती. खालची बातमी कळायला आणखी उशीर झाला असता, एवढंच.

गंमत म्हणजे शहरातलं सगळ्यात मोठं तळं, सुमारे ९०० एकरांचं, इथेच आहे. पण त्यात वर्षानुवर्षं सांडपाणी आलं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या काठचं गवत पेटलं तेव्हा शेजारच्या एएससी सेंटरचे जवान बादल्या घेऊन उतरले होते; बातम्यांत आकडा ५००० चा होता. पाण्याच्या काठावरची आग विझवायला फौज! खडकवासल्याच्या जलाशयाकाठी तीन वर्षं काढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

बोअरवाल्याचा सल्ला होता, बाराशे फुटांवर नवा मारा. मी दाजींना स्पष्ट सांगितलं की खोल गेलं की भेगा कमी होत जातात. लाखांत पैसे जातील आणि धूळच वर यायची शक्यता मोठी. शिवाय कर्नाटकात २०११ च्या भूजल कायद्याने परवानगी लागते ती वेगळी. दाजी गप्प झाले. घरात त्यांच्या आई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना रोज टँकरची वाट बघायला लावणं त्यांच्या जिवावर येत होतं.

शेवटी मोटरचा टायमर बदलला. एक तास सलग चालवण्याऐवजी बारा-बारा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. कोरडी चालू नये म्हणून कंट्रोलर बसवला. छपराचं पावसाचं पाणी गटारात जात होतं, ते गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं. टाकी संध्याकाळी पाऊण भरलेली राहायला लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाल्यावर दाजींनी जोडणीचा अर्ज भरला.

माझी बदली झाली. ताई दर रविवारी बादली लावते आणि सेकंद व्हॉट्सॲपवर पाठवते. पावसाळ्यानंतर बाराव्या मिनिटाचे सत्तरचे चाळीस झाले होते. गेल्या आठवड्यात पुन्हा पंचावन्न. मी फोन केला तर मागे घरघर ऐकू येत होती. शेजारच्या प्लॉटवर रिग उभी राहिली होती.

"किती फूट गेलेत?" मी विचारलं.

"नऊशे," ताई म्हणाली. "अजून धूळच येतेय."