आमच्या मोहल्ल्याचे मत

मतदानाच्या दिवशी अहेरीत आमच्या मोहल्ल्यातल्या चुली पहाटेच पेटतात. राज्यात बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहापर्यंत मत देता येते. आमचा भाग नक्षलग्रस्त, म्हणून सकाळी सातला सुरू झालेले मतदान आमच्याकडे दुपारी तीनला बंद होते. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले तेव्हाही हाच नेम होता. आई पहाटे उठून भात-वरण करून ठेवते, लुगडे बदलते आणि रांगेत पहिल्या दहांत उभी राहते.

बाहेरचे लोक म्हणतात, बौद्ध मोहल्ल्याची मते एकगठ्ठा पडतात. त्यांना आमच्या घरातले भांडण ठाऊक नाही.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अहेरी विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे आणि गडचिरोली-चिमूर लोकसभाही तशीच. दोन्ही ठिकाणी आमच्यातला माणूस उमेदवार होऊच शकत नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. गोंड, माडिया बांधवांचा तो हक्क आहे आणि ज्या संविधानाने आम्हांला हक्क दिला त्यानेच तो त्यांनाही दिला. पण याचा अर्थ असा की मोठ्या निवडणुकीत आम्ही नेहमी दुसऱ्याच्या माणसाला निवडतो. मग कोणाला निवडायचे, हा प्रश्न दर वेळी विहाराच्या ओट्यावर येऊन बसतो.

आजीपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, ती आठवण सांगणाऱ्या पिढीतली ती. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, हत्ती ओळखता येत होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, मग रिपब्लिकन पक्षाचा हत्ती. पुढे पक्षाचे गट पडले आणि हत्ती बहुजन समाज पक्षाकडे गेला. आजीला त्याचे काही नव्हते. हत्ती दिसला की शिक्का मारायचा आणि बाहेर येऊन नातवंडांना बोटाची शाई दाखवायची!

बाबांच्या पिढीने हिशेब सुरू केला. इथले राजकारण बरेचसे अहेरीच्या आत्राम राजघराण्याभोवती फिरते. २०१४ ला अम्ब्रीशराव भाजपकडून आले, २०१९ ला त्यांचे काका धर्मरावबाबा राष्ट्रवादीकडून. २०२४ ला तर काका, पुतण्या आणि काकांची लेक भाग्यश्री असे तिघे समोरासमोर उभे होते, आणि धर्मरावबाबाच पुन्हा निवडून आले. राजवाड्यातच एकमत नाही तिथे आमच्या मोहल्ल्यात कुठून असणार? तरी बाबांचे म्हणणे असे, की आपली घरे थोडी आहेत, मते फुटली तर कोणी विचारणार नाही.

एका विधानसभेच्या वेळी एका उमेदवाराची माणसे रात्री मोहल्ल्यात आली. विहारापुढे टिनाचे शेड बांधून देतो म्हणाली. पावसाळ्यात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असताना बायकांना भिजत बसावे लागते, म्हणून शेड हवे होतेच. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. बाबांनी भंडाऱ्याची गोष्ट काढली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत मतदाराला दोन मते होती. बाबासाहेबांना काहींनी सुचवले, आपल्या लोकांना दुसरे मत कोरे ठेवायला सांगा, म्हणजे तुम्ही निवडून याल. बाबासाहेबांनी ते मानले नाही आणि ते पडले. तेव्हा मत वाया घालवू नका, सगळ्यांनी एकाच ठिकाणी द्या, असे बाबांनी समजावले.

आई मागे बायकांत बसली होती. तेंदूच्या हंगामात उन्हात पाने तोडून आणि पुडे बांधून तिच्या हातांना भेगा पडलेल्या असतात. तेच हात पदराखाली धरून ती उठली.

"शेड विहाराचं, पण मत मायं हाये. त्याचा सौदा तुमी कसा करता जी? बाबासाहेबांनी मत वाया जाऊ देलं नाही, अन् तुमी इकाले निघाले."

बैठकीत कोणी बोलले नाही. बाबा तीन दिवस घरात बोलले नाहीत. मतदानाला दोघे एकत्र गेले, एकत्र आले, आणि कोणी कोणाला विचारले नाही.

मत गुप्त असते हे शाळेत शिकलो. पण यंत्रातली मते बूथवार मोजली जातात आणि कोणत्या बूथवर कोणाला किती पडली हे सगळ्यांना कळते. अनेक बूथची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र वापरावे असे निवडणूक आयोगाने सुचवले होते, ते काही झाले नाही. आमच्या बूथचे आकडे आले तेव्हा मते दोघांत जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली होती. आई एकटी नव्हती हे त्या दिवशी कळले. शेड आले नाही. "आता भिजा," असे बाबा पुष्कळ दिवस म्हणत.

नगरपंचायतीची निवडणूक तर वेगळीच. तिथे आमच्यातला माणूस उभा राहू शकतो, म्हणून आमच्यातलेच तीन उभे राहतात! त्याबद्दल लिहिले तर लग्नाची आमंत्रणे बंद होतील.

२०२४ च्या लोकसभेला मात्र बैठकीची गरज पडली नाही. संविधानाला धक्का लागेल ही भीती घरोघर होती, आणि तरुण पोरे स्वतःच दारोदार फिरली. काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान एक लाख चाळीस हजारांहून अधिक मतांनी आले. सहा महिन्यांनी विधानसभेला तीच पोरे सुरजागडच्या खाणीतल्या नोकरीचे बोलत होती, आणि बायकांच्या बोलण्यात लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये होते. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. पंधराशे रुपये म्हणजे काय, हे पाने तोडणाऱ्या बाईला विचारावे.

शेड शेवटी वर्गणीतून झाले. आईने तेंदूच्या पैशातून दोन टिने दिली. बाबांनी बल्ल्या रोवल्या आणि कामभर आईशी वाद घातला, की उतार कोणत्या बाजूला द्यायचा.

विधानसभेचे मत देऊन आल्यावर बाबांनी पहिल्यांदाच विचारले, "कोनाले देल्लीस व?"

"तीनच्या आधी देल्लं," आई म्हणाली, आणि ताटे वाढायला आत गेली.