आकाशांतील ययाती

ययातीनें आपली जरा पुत्रास देऊन त्याचें तारुण्य घेतलें, ही कथा आम्हांस केवळ मनुष्याच्या लोभाची वाटे. आकाशांतही असेंच कांहीं घडतें हें कळल्यापासून तिच्या उत्तरार्धाकडे आमचें लक्ष अधिक जाऊं लागलें आहे.

मोठा तारा फुटला म्हणजे त्याचा गाभा दबून जो न्यूट्रॉन-तारा उरतो, तो सूर्याहून जड, पण अवघा वीस-पंचवीस किलोमीटर रुंद असतो. फिरतांना तो दीपगृहाप्रमाणें रेडिओ-लहरींचा झोत फेकीत असला, तर त्यास स्पंदक म्हणतात. १९६७ सालीं जोसेलिन बेल यांस सांपडलेला पहिला स्पंदक सुमारें १.३४ सेकंदांत एक फेरा करितो. असे तारे वयाबरोबर मंदावतात व शेवटीं मुके होतात. परंतु १९८२ सालीं सेकंदास ६४२ फेरे घेणारा स्पंदक सांपडला. तो शोधणाऱ्यांत कुरुंदवाडास जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हेही होते. त्याच वर्षीं बंगळूरचे राधाकृष्णन् व श्रीनिवासन् यांनीं, आणि स्वतंत्रपणें अमेरिकेंतील कांहीं पंडितांनीं, उलगडा सुचविला: हा वृद्ध तारा शेजाऱ्याच्या बळावर पुन्हां तरुण झाला आहे. शेजारच्या हलक्या ताऱ्याचें द्रव्य गरगरत त्याच्यावर पडतें, व त्या द्रव्याबरोबर फिरण्याची गतीही त्यास मिळते.

पण तो शेजारी गेला कोठें? या स्पंदकाजवळ तर कोणीच दिसेना. उत्तराची दिशा १९८८ सालीं दिसली. त्या सालीं सांपडलेल्या दुसऱ्या एका वेगवान स्पंदकाभोंवतीं सूर्याच्या कांहीं शतांश वस्तुमानाचा सहचर सुमारें नऊ तासांत प्रदक्षिणा घालितो, आणि स्पंदकाच्या माऱ्यानें त्या सहचराची वाफ होत आहे. नराला खाणाऱ्या कोळिणीवरून ज्योतिर्विदांनीं या स्पंदकास ‘काळी विधवा’ म्हटलें. नारायणगांवाजवळील खोडदच्या दुर्बिणीनेंही याच जातीचा एक स्पंदक हुडकिला, व २०१३ सालीं तो जाहीर झाला. त्याचा सहचर तीन तासांच्या आंतच फेरा पुरा करितो.

हें नांव आम्हांस रुचत नाहीं. ज्यास उपकार फेडतां येतो, त्यासच कृतघ्न म्हणावें. ताऱ्यास घेतलेलें परत करण्याचा मार्गच नाहीं; त्याला मिळालेलें तेज हाच दात्यावरचा मारा. ययातीस तो मार्ग होता, आणि सहस्र वर्षांनीं कां होईना, त्यानें पूरूचें तारुण्य परत केलें. घरोघरीं आम्ही वडील माणसें धाकट्यांच्या उमेदीच्या वर्षांवर जगतों. आमच्या औषधपाण्यापुढें त्यांचे बेत मागें पडतात, आणि लोक आमच्या टवटवीचें कौतुक करितात. अशा घरांत कोळिणीचें नांव कोणास द्यावयाचें, हा प्रश्न ज्योतिर्विदांस विचारण्याजोगा नाहीं.